निवळलेलं पाणी: माशांच्या काचपेटीचा एक उलटसुलट इतिहास



तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर माशांच्या टाकीवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून दोघातिघांनी आम्हाला फोन केला. विषय छापताना चूक तर नाही ना झाली, म्हणून. चूक झालेली नाही. आयुष्यभर आम्ही 'शुद्ध' या शब्दावर वर्गात बोलत आलो. शुद्ध बुद्धी, शुद्ध ज्ञान, चित्तशुद्धी. पण त्या शब्दाने आम्हाला खरी ठेच लागली ती घरातल्या दोन फुटी काचपेटीपाशी. तेव्हा आधी ती हकिगत सांगतो, मग इतिहासाकडे जाऊ.

नातीच्या हट्टापायी आम्ही एक टाकी आणली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर पंचावन्न-छप्पन्न लिटर पाणी मावेल, म्हणजे दोन-तीन कळशा-बादल्यांचा मामला. तळाला वाळू, दोन-चार पाणवनस्पती, एक स्पंज फिल्टर, नऊ टेट्रा मासे आणि मधोमध एक वाकडंतिकडं लाकूड. दुकानदार त्याला ड्रिफ्टवुड म्हणतात. काही आठवड्यांतच पाणी कोऱ्या चहासारखं झालं. मासे मात्र मजेत होते. वरचेवर आटलेलं पाणी आम्ही नळाच्या पाण्याने भरून काढत होतो. काढून टाकत काहीच नव्हतो. असे आठ महिने गेले. घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, 'अहो, पाणी किती घाण झालंय, बदला की.' शेवटी एका शनिवारी आम्ही मनावर घेतलं. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, म्हणून सोसायटीच्या बोअरचं घेतलं. अर्ध्याहून जास्त पाणी बदललं, लाकूड ब्रशने घासलं, स्पंज खळखळून धुतला. टाकी अशी लखलखली की आम्ही फोटो काढून पुण्याच्या मुलाला पाठवला. संध्याकाळपर्यंत नऊपैकी सात मासे पालथे झाले होते.

नात रडली नाही. तिने एवढंच विचारलं, 'आजोबा, आपण तर पाणी स्वच्छ केलं होतं ना?'

या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्ही बरेच लांब भटकलो. ती भटकंती आज तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्याकडे पाणी स्वच्छ करण्याचा विचार फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळण्याचे सात उपाय दिले आहेत. त्यात कतक म्हणजे आपली निवळीची बी आहे, कमळाची गाठ आहे, शेवाळाचं मूळ आहे, कापड आहे, मोती आणि मणीसुद्धा आहेत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अध्याय आहे. जमिनीखालचं पाणी कसं शोधावं हा त्याचा विषय. त्यात खारट, कडू, गढूळ विहिरीत टाकायचं एक चूर्ण सांगितलं आहे, आणि त्यातही नागरमोथा, वाळा, आवळा यांच्या जोडीला कतक आहेच. निवळीची बी घागरीच्या आतून उगाळायची आणि रात्रभर पाणी स्थिर ठेवायचं, हे आमच्या आजीला कोणी ग्रंथातून शिकवलेलं नव्हतं.

आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथे राहवत नाही. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'आत्मबोध' या प्रकरणग्रंथात या कतकाचा दृष्टांत आहे. ज्ञान अज्ञानाचा मळ घालवतं आणि स्वतःही नाहीसं होतं, जशी कतकाची पूड पाणी निर्मळ करून नाहीशी होते. आम्ही हा दृष्टांत तीस वर्षं शिकवला. पण घागरीत डोकावून पाहिलं तर पूड नाहीशी होत नाही. ती मातीच्या कणांना एकत्र बांधते आणि त्यांच्यासकट तळाला बसते. मळ गेला असं वरून दिसतं. घागरीतून तो गेलेला नसतो. शिवाय निवळी बसवते ती न विरघळलेली माती. जे पाण्यात विरघळलेलं आहे, त्याच्याशी तिचं काही देणंघेणं नाही.

मराठी भाषेनेच याचा एक नमुना आपल्यापुढे ठेवलाय. शाळेत सगळ्यांनी 'चुन्याची निवळी' केली असेल. नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते. फुंकण्याआधी ती कशी दिसते? अगदी निर्मळ पाण्यासारखी. त्या निर्मळ पाण्यात मासा सोडला तर तो वाचणार नाही. म्हणजे निवळलेलं आणि जगण्याजोगं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या शब्दातच होतं. आम्ही ते ऐकलं नव्हतं, इतकंच.

पाणी साठवण्यात आपण कमी नव्हतो. इथल्या पांडवलेण्यात, दहाव्या लेण्यात, नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. लेणं खोदवल्याचं सांगताना तो 'पोढियो' खोदवल्याचंही सांगतो. पोढी म्हणजे कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं. साठवलेलं पाणी बंद जागेत चांगलं कसं ठेवायचं, हा प्रश्न या डोंगरावर दोन हजार वर्षांपूर्वी होताच. वाड्यावाड्यांतल्या आडात पूर्वी एखादं कासव किंवा चार मासे सोडत. आमच्या आजोळच्या आडात कासव होतं आणि ते आमच्या मामांपेक्षा वयाने मोठं आहे असं आम्हाला सांगत. मासे डासांच्या अळ्या खातात हे तर पुढे सरकारी हिवताप खात्यानेही उचललं. गप्पी मासे पाळण्याचा सल्ला आपण गावोगावच्या भिंतींवर वाचलाय.

पण काचेच्या पेटीत, घरात, मासा आणि वनस्पती एकत्र ठेवून पाणी न बदलता जगवायचं, हा प्रयोग म्हणून झाला तो लंडनमध्ये. करणाऱ्याचं नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. हा रसायनशास्त्रज्ञ, 1841 साली लंडनची केमिकल सोसायटी निघाली त्यामागच्या प्रमुख माणसांपैकी एक. 1850 च्या सुमारास त्याने एका मोठ्या काचपात्रात दोन गोल्डफिश आणि वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. तर्क सोपा होता. मासा श्वासातून जे सोडतो ते वनस्पती घेते, वनस्पती प्राणवायू सोडते तो मासा घेतो. तर्क बरोबर निघाला, आणि पाणी तरीही बिघडलं. वनस्पतीची जुनी पानं सडली, पाण्याला बुळबुळीत गढूळपणा आला. मग त्याने पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी सडकी पानं खाल्ली आणि पात्र सावरलं.

इथे आम्ही जरा थांबतो, कारण वॉरिंग्टनचा हा क्षण आम्हाला फार आवडतो. त्याच्या तर्कात दोनच भिडू होते. तिसरा भिडू तर्काने आला नाही, सडलेल्या पानाने तो मागून घेतला. पुढे 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं, 1854 साली फिलिप गॉस याचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि घरोघरी काचपेट्यांचं वेडच लागलं. आपल्याकडे आमच्या पिढीने पहिलं मत्स्यालय पाहिलं ते मुंबईचं तारापोरवाला. 1951 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. शाळेच्या सहलीत काचेला नाक लावून उभे राहिलो होतो ते आठवतं. पण ती गोष्ट मुख्यतः समुद्राच्या पाण्याची. समुद्र शेजारी असला की पाण्याचं गणित निराळं होतं. ते सोडून देऊ.

वॉरिंग्टनच्या हिशोबात एक रकाना रिकामा होता. मासा नुसता कार्बन डायऑक्साइड सोडत नाही. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेलं खाणं सडलं की त्यातूनही अमोनिया तयार होतो. तो रंगाने दिसत नाही, आणि माशाला विष आहे. त्याचं पुढे काय होतं?

याचं उत्तर देणाऱ्यांत, मित्रहो, या वॉरिंग्टनचा मुलगा होता. नावही तेच, रॉबर्ट वॉरिंग्टन. तो रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करायचा. 1877 साली श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळूच्या थरातून सांडपाणी झिरपवलं आणि दाखवलं, की अमोनियाचं नायट्रेट होण्याची क्रिया सजीवांमुळे होते. क्लोरोफॉर्म सोडला की ती थांबते. धाकट्या वॉरिंग्टनने हे काम शेतजमिनीवर पुढे नेलं. ही क्रिया दोन टप्प्यांत होते, आधी अमोनियाचं नायट्राइट, मग नायट्राइटचं नायट्रेट, आणि दोन्ही टप्प्यांचे जिवाणू वेगळे, इथपर्यंत तो पोचला. जिवाणू वेगळे काढणं त्याला जमलं नाही. ते 1890 च्या सुमारास विनोग्राडस्कीला जमलं. बापाच्या काचपात्रात जो भिडू दिसला नव्हता, तो मुलाला शेताच्या मातीत सापडला. (या मुलाची मुलगी कॅथरीन हीसुद्धा रोथॅमस्टेडलाच होती. वनस्पतींना बोरॉन लागतं हे 1923 साली तिने दाखवलं. आमच्या द्राक्षबागायतदारांनी तिचे आभार मानायला हरकत नाही.)

आमच्या टाकीतला स्पंज म्हणजे या जिवाणूंचं राहतं घर होतं. ते आम्ही खळखळून धुतलं.

आता लाकडाकडे येऊ. थोरला वॉरिंग्टन लंडनमध्ये गोल्डफिशकडे बघत होता, त्याच सुमारास आल्फ्रेड रसेल वॉलेस दक्षिण अमेरिकेत रिओ नेग्रो नदीवर होता. नेग्रो म्हणजे काळी. जंगलातला पाला आणि लाकूड भिजून तिचं पाणी कडक चहाच्या रंगाचं होतं, आणि ते बरंच आम्लधर्मी असतं. वॉलेसने तिथल्या माशांची चित्रं काढली. 1852 साली परतीच्या वाटेवर त्याच्या जहाजाला आग लागली, जवळपास सगळा संग्रह बुडाला, पण माशांची चित्रं वाचली. आज दुकानात मिळणारा कार्डिनल टेट्रा त्याच नदीचा. म्हणजे आमचे पाहुणे ज्याला घाण म्हणत होते, ते माशांच्या जातभाईंचं माहेर होतं.

तो रंग टॅनिनचा आणि तशाच इतर वनस्पतिज आम्लांचा. टॅनिन आपल्याला परकं नाही. चहात ते आहे, विड्यातल्या कातात आहे. खैराचा कात काढणारे म्हणून काथोडी हे नाव पडलं. सह्याद्रीतला हिरडा कातडी कमावायला जातो तो टॅनिनसाठीच. टाकीत घालायला शौकीन लोक बदामाचं वाळकं पान वापरतात. शाळेच्या अंगणात असतो ना, मोठ्या पानांचा, तो बदाम. तो आणि हिरडा एकाच कुळातले. पाण्यात लाकूड ठेवणंही आपल्याला नवं नाही. उत्तरेत विहिरीच्या तळाशी जांभळाचं लाकूड बसवत, केरळात आवळ्याच्या फळ्या टाकतात. ही लाकडं पाण्यात लवकर कुजत नाहीत, हे त्यातलं निश्चित ज्ञान. बाकी मोबाइलवर फिरणारे चमत्कार जरा हातचं राखून घ्यावेत.

पाणी आम्लधर्मी किती, हे मोजायचं कसं? कुंकू करताना हळदीला चुना लागला की ती लाल होते, हा आपल्या घरातला पहिला दर्शक. पण हळद बोलते ती पाणी बरंच अल्कधर्मी झाल्यावर. टाकीच्या कामाला ती पुरत नाही. 1909 साली कोपनहेगनमध्ये, बिअरच्या कारखान्याने चालवलेल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, सोरेनसेन या शास्त्रज्ञाने पी-एचची मोजपट्टी सुचवली. आपले शेतकरी त्याला सामू म्हणतात. फवारणीआधी पाण्याचा सामू तपासणारा द्राक्षबागायतदार नाशिक जिल्ह्यात नवा नाही. लक्षात ठेवायचं ते इतकंच, की सातावरून सहावर येणं म्हणजे आम्लता दसपट होणं.

आम्ही अर्थातच लाकडाला दोषी ठरवलं. मग लाकडाने पाणी आम्ल होतं का हे बघायला दोन बादल्या घेतल्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत बोअरचं, दोन्हींत सारख्या लाकडाचे तुकडे. मासे नाहीत. तीन आठवडे नातीने कागदी पट्टीने मोजलं. दोन्ही बादल्या सारख्याच तांबूस झाल्या. नळाच्या पाण्याचा सामू साडेसातावरून साताच्या जरासा खाली आला. बोअरचा आठाच्या वर होता, तो जवळपास तिथेच राहिला.

हा फरक नाशिकच्या दगडात आहे. पावसाचं पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं, आणि काळ्या कातळाच्या भेगांतून वर्षानुवर्षं फिरताना त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन बायकार्बोनेटने श्रीमंत होतं. म्हणून बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आपण त्याला जड पाणी म्हणतो. हा बायकार्बोनेटचा साठा आलेलं आम्ल गिळून टाकतो आणि सामू हलू देत नाही. नळाला येणारं गंगापूर धरणाचं पाणी बरंचसं डोंगरावरून वाहून आलेलं. त्याची दगडाशी ओळख थोडक्यात आटोपलेली. त्याची शिल्लक कमी.

पण बादलीत सामू साताच्या जरासाच खाली गेला, तर आठ महिन्यांत टाकीत काय झालं? इथे आम्हाला धाकटा वॉरिंग्टन आठवला. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं. दर 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने सुमारे 7 मिलिग्रॅम शिल्लक खर्ची पडते. मासे रोज खात होते, जिवाणू रोज काम करत होते आणि पाण्याची शिल्लक रोज घटत होती. लाकडाने हातभार लावला, नाही असं नाही. पण मोठा खर्च त्या न दिसणाऱ्या क्रियेचा होता. लाकडाचा रंग दिसत होता, म्हणून सगळा आळ त्याच्यावर.

पुढचं ओघाने येतं. सामू सहाच्या आसपास उतरला की हे जिवाणू मंदावतात. अमोनिया साचू लागतो. तरीही मासे मरत नाहीत, कारण आम्ल पाण्यात तो अमोनियम या रूपात असतो आणि ते रूप फारसं बाधत नाही. विषारी मोकळा अमोनिया पंचवीस अंशांच्या पाण्यात सामू 6 असताना एकूण साठ्याच्या हजारात साधारण अर्धा भाग, 7 ला हजारात सहा आणि 8 ला हजारात पन्नासहून अधिक असतो. म्हणजे सहावरून आठावर गेलात तर जवळजवळ शंभरपट. आम्ही अर्धंअधिक पाणी काढलं म्हणून साठा निम्म्याहून कमी झाला, हे खरं. पण उरलेल्यावर बोअरचं पाणी ओतून आम्ही त्याचं रूपच पालटलं. वर जिवाणूंचं घर धुऊन काढलं, आणि सामू-जडपणाचा धक्का दिला तो वेगळाच. त्या दिवशीचे आकडे आमच्याकडे नाहीत, म्हणून कुठल्या कारणाने किती मासे मेले हे आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही. बाकी सगळे पुरावे मात्र एकाच दिशेला बोट दाखवतात.

नातीला उत्तर दिलं ते असं: आपण पाणी स्वच्छ केलं नाही, त्याचा रंग काढला.

त्यानंतर टाकी पुन्हा लावली. लाकूड तेच. आता दर रविवारी फक्त पाचवा हिस्सा पाणी बदलतो आणि तेही नळाचंच. ते चोवीस तास उघड्या बादलीत ठेवतो म्हणजे क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर हायपोचे दोन-चार खडे. फोटोग्राफर फिक्सिंगला वापरत तोच हा हायपो. दादासाहेब फाळके त्र्यंबकचे, तेव्हा या जिल्ह्यात हायपोला मान आहेच. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच, आणि हलक्या हाताने. फिल्टरजवळ शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून ठेवलाय. सामू उतरू लागला की तो थोडा थोडा विरघळून शिल्लक भरून काढतो. आणि नातीची वही आहे. त्यात तारीख, सामू, अमोनिया, आणि एका रकान्यात 'पाहुणे काय म्हणाले'.

लाकडाबद्दल एक इशारा. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात दुतोंड्या मारुती बुडाला होता. पाणी ओसरल्यावर काठावर सुंदर सुंदर ओंडके पडलेले आम्ही पाहिले. हात शिवशिवले होते. पण शहरातून आलेल्या पुराचं लाकूड सांडपाणी पिऊन आलेलं असतं. ते घरात आणू नये. दुकानातलं किंवा खात्रीचं वाळलेलं टणक लाकूड घ्यावं, उकळावं, आठ-पंधरा दिवस पाणी बदलत भिजवावं. चहाचा रंग थोडा उतरतो, पूर्ण उतरत नाही.

वेळ होत आलीय, पण चिठ्ठीवर एक प्रश्न आलाय तो घेतो. 'आमच्याकडे फक्त बोअरचंच पाणी येतं, मग आम्ही टाकी ठेवायचीच नाही का?' ठेवा की. लाकूडही ठेवा, रंग येईल, सामू फारसा हलणार नाही. फक्त टेट्रा आणू नका. गप्पी आणा, मॉली आणा. त्यांना जड पाणीच मानवतं. आमच्या टाकीतले जे दोन टेट्रा त्या शनिवारी वाचले होते, त्यातला एक अजून आहे. कोणाला बघायचा असेल तर रविवारी सकाळी या, पाणी बदलताना. बादली उचलायलाही माणूस लागतोच.